मदत हवी आहे: डेंग्यूच्या आरएनएची नक्कल शेवटून सुरू होते, मग एन्झाइम सुरुवातीला का चिकटतं?

नमस्कार मंडळी,

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात बारावीला जीवशास्त्र शिकवते. दिवाळीआधी गावात डेंग्यूचे बरेच पेशंट निघाले. उन्हाळ्यातले कूलर तसेच पाण्यासकट पडून होते. वर्गातल्या तीन मुली आजारी पडल्या. त्यातली एक परत आल्या आल्या विचारते, "मॅडम, डास एकदा चावला तर एवढे विषाणू होतात कसे?"

अर्धं सांगता आलं. डेंग्यूच्या विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, ही सुमारे १०,७०० अक्षरांची एकच धन-आरएनए साखळी. रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिन बनवणारं यंत्र, ती थेट वाचतो, एक लांबलचक प्रथिन बनतं, त्याचे तुकडे पडतात. त्यातलं एनएस५ हे नक्कल करणारं एन्झाइम. ते आधी ऋण साखळी, म्हणजे धनाची पूरक प्रत, बनवतं, मग त्या साच्यावरून धन साखळ्यांवर साखळ्या. हे सगळं आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या) पटलातल्या बारीक खिशांत चालतं.

घोडं पेंड खातं ते पुढे. नक्कल ३' टोकापासून, म्हणजे साखळीच्या शेवटापासून सुरू होते, पण एनएस५ धरतं ५' टोकाजवळची, म्हणजे सुरुवातीची गाठ! इतक्या लांबच्या टोकाला ते पोचतं कसं? शिवाय ५' कडून रायबोसोम येतोय, त्याच्याशी टक्कर होत नाही का? मुलीला चुकीचं सांगायचं नाही. कुणी समजावून सांगाल का?

प्रतिसाद १
ताई, साखळी सरळ ताणलेली धरली म्हणून अडतंय. दोन्ही टोकांजवळ एकमेकांना पूरक छोटे पट्टे आहेत. ते जुळले की जीनोमचं कडं होतं आणि ३' टोक आपसूक एनएस५पुढे येतं. प्रयोगात एका पट्ट्यातली अक्षरं बदलली तर नक्कल थांबली, समोरचा पट्टाही तसाच बदलल्यावर पुन्हा सुरू झाली. यापेक्षा चांगला पुरावा काय हवा! ५' कडचा एक पट्टा कॅप्सिडच्या (विषाणूच्या कवचाच्या प्रथिनाच्या) जनुकात पडतो. म्हणजे रायबोसोम तिथून धावत असेपर्यंत कडं जुळणं अवघड, असं मानतात.

मुलांना उलट उदाहरण म्हणून चांदीपुरा विषाणूही सांगा, आपल्या नागपूरकडचा, १९६५ साली सापडलेला. सँडफ्लाय माशीतून पसरतो. त्याचा आरएनए ऋण, रायबोसोमला वाचताच येत नाही. म्हणून नक्कल करणारं एन्झाइम त्याला सोबतच आणावं लागतं.

धागाकर्ती
खूप आभार. उद्या दोन्ही टोकांना चिमटे लावलेली सुतळी वर्गात नेते. पण ऋण साखळी बनताना ते कडं सुटतं की तसंच राहतं? ती पोरगी हे विचारणारच.