शब्दचर्चा : ‘लग्नगडी’ या शब्दात बायको कुठे आहे?

प्रश्न

पूर्वीच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील वारली भागात इंग्रजी अमदानीत रूढ असलेल्या शब्दांची एक छोटी सूची मी करत आहे. ‘लग्नगडी’ या शब्दापुढे मी ‘लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढून ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबणारा गडी’ असा अर्थ लिहिला होता. सूची वाचून एका वारली सहकारी बाईंनी विचारले की, गडी राबत होता तेव्हा त्याची बायको काय घरी बसून होती? मला उत्तर सुचले नाही. अशा स्त्रीसाठी वेगळा शब्द होता का? नसल्यास ‘लग्नगडीण’ असे रूप वापरावे का?

प्रतिसाद १

‘लग्नगडीण’ हे रूप कृपया करू नये. ‘गडी’ या शब्दाला मराठीत दोन अंगे आहेत. एक सोबत्याचे, जे ‘सवंगडी’ आणि ‘खेळगडी’ यांत दिसते, आणि दुसरे चाकराचे, जे ‘घरगडी’त दिसते, शिवाय ‘गडीमाणूस’ म्हणजे नुसता पुरुषही होतो. स्त्रीलिंगी रूप मात्र पहिल्याच अंगाला फुटले. ‘गडणी’ म्हणजे मैत्रीण. चाकरीच्या अर्थाचे स्त्रीरूप भाषेने घडवलेच नाही, आणि आज ते आपण घडवले तर सूची वाचणाऱ्याला तो शब्द त्या काळी लोकांच्या तोंडी होता असे वाटेल.

प्रतिसाद २

वेगळा शब्द का नव्हता, याचे कारण मला त्या व्यवहारातच दिसते. कर्ज नवऱ्याच्या नावावर, म्हणून गडी तो. बायकोची मजुरी त्याच कर्जात धरलेली, म्हणून तिचा वेगळा हिशेबच नाही. ती जमीनदाराच्या शेतात आणि घरी राबे, आणि कर्ज फिटले नाही तर तेच ओझे मुलांवर येई. एवढ्यावर ते थांबत नव्हते. लग्नगड्याची बायको म्हणजे आपल्या हक्काचीच, असे मानून अनेक जमीनदारांनी या स्त्रियांवर बलात्कार केले, हे किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी वारल्यांमध्ये राहून, त्यांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवले आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ‘लग्नगडी’ हा शब्द त्यांच्याच लेखनामुळे ठाऊक झाला.

इंग्रजी राजवट यात केवळ बघ्याची नव्हती. जमीन विकता आणि गहाण टाकता येऊ लागली, सावकाराच्या कागदाला कचेरीचे बळ मिळाले, आणि १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातील लाकूडफाटा नि चराई सरकारच्या मर्जीवर गेली. जमीन आणि जंगल दोन्ही हातचे सुटलेल्या माणसाला लग्नाच्या खर्चासाठी सावकाराखेरीज दार उरले नाही. पुढे १९३५ च्या भारत सरकार कायद्याने डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांना ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’, म्हणजे प्रांताचे कायदे आपोआप लागू न होणारा भाग, असे नाव दिले. ते संरक्षणासाठी होते म्हणतात; वेठ मात्र चालूच राहिली.

प्रतिसाद ३

मी थोडा असहमत आहे. कोशाने शब्दाचा अर्थ द्यावा. प्रथेचा सगळा इतिहास एका नोंदीत कोंबू लागलो तर कोश राहणार नाही. शेजारच्या दक्षिण गुजरातेत दुबळा समाजातील माणूसही लग्नाच्या कर्जापायी ‘हाली’ होई आणि त्याची बायको धन्याच्या घरी राबे. तोही शब्द पुरुषाचाच आहे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात सक्तीच्या मजुरीच्या प्रकारांची जी नावे मोजली आहेत, त्यांत ‘हाली’ आहे, ‘लग्नगडी’ नाही. अशा वेळी शब्द निदान जसा होता तसा नोंदवणे हेच मोठे काम आहे.

प्रतिसाद ४

जसा होता तसाच नोंदवावा, हे मान्य; पण अर्थ लिहिताना ‘राबणारा गडी’ म्हणून थांबणे म्हणजे सावकाराच्या वहीतली नोंद उतरवून घेणे होय. वहीत बायको नव्हती. झोपडीत आणि शेतात होती.

याच लग्नातून आलेला आणखी एक शब्द सूचीत घ्यावा, असे मी सुचवतो. तो म्हणजे ‘धवलेरी’. वारल्यांचे लग्न भटजी लावत नाही. ते गाणी म्हणत धवलेरी लावते, आणि ती स्त्री असते. हा शब्द आपल्याला परका नाही, कारण आद्य मराठी कवयित्री महदंबेचे ‘धवळे’ म्हणजे लग्नगीतेच. ज्या समाजात लग्न लावण्याचा मान बाईचा, त्याच समाजातील नव्या नवरीला त्या लग्नाच्या देजापायी, म्हणजे वधूमूल्यापायी, आणि जेवणखाणापायी नवऱ्यासह गहाण पडावे लागे. हे दोन्ही शब्द एकाच मांडवातले आहेत आणि सूचीत ते शेजारी असावेत.

जाता जाता ‘वेठ’विषयीही सांगतो. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला हा शब्द फुकट, सक्तीच्या कामाचा. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि ‘वेठ करणार नाही’ असे त्यांनी ठरवले. पुढे किसान सभा या शेतकरी संघटनेचे कार्यकर्ते पाड्यापाड्यांवर जाऊन लग्नगड्यांना, म्हणजे अर्थातच त्यांच्या बायकांनाही, सोडवू लागले. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच वारली मारले गेले. आज वर्तमानपत्रे संप करणाऱ्या कामगारांनी ‘प्रवाशांना वेठीस धरले’ असे लिहितात, तेव्हा शब्दाची ही उलटी चाल मला फार खटकते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. ‘लग्नगडीण’ सोडून दिले आहे. प्रतिसाद तीनमधील आक्षेप लक्षात ठेवून नोंद लहान ठेवली आहे :

लग्नगडी (पुं.) : लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जमीनदाराकडे बांधला गेलेला वारली पुरुष. त्याच्याबरोबर त्याची पत्नीही बांधली जाई. तिची मजुरी वेगळी मोजली जात नसे आणि जमीनदार तिच्या शरीरावरही हक्क सांगत. तिच्यासाठी वेगळा शब्द आढळत नाही. पाहा : देज, धवलेरी, वेठ.

सहकारी बाईंना ही नोंद दाखवली. ‘आढळत नाही’ या शब्दांवर त्यांनी बोट ठेवले आणि विचारले की, आढळत नाही म्हणजे कुठे शोधले, कागदात की पाड्यावर? आतापर्यंत मी कागदच पाहिले होते, म्हणून ते वाक्य सध्या कंसात ठेवले आहे.