'ओपिनियन रिझर्व्ह्ड' लिहिलं तर नातेवाईक म्हणतात दाबलं, आणि दुसऱ्याने केलेल्या पीएमचं (शवविच्छेदनाचं) समन्स माझ्या हातात

बाँडवाली_एमओ

नमस्कार सगळ्यांना. एमबीबीएस करून बाँडवर (सक्तीची सरकारी सेवा) एका ग्रामीण रुग्णालयात एमओ (मेडिकल ऑफिसर) म्हणून लागले त्याला आठ महिने झाले. विदर्भातला तालुका आहे, नाव सांगत नाही. इथे फॉरेन्सिकचा वेगळा डॉक्टर नसतो हे तुम्हाला माहितीच असेल, ओपीडी, डिलिव्हरी, एमएलसी (पोलीस केसच्या तपासण्या), दारूच्या केसेस, पीएम सगळं आम्हा तिघांतच. बाई डॉक्टर मी एकटी, म्हणून पोक्सोच्या (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या) तपासण्या रात्री दोनला आल्या तरी मलाच फोन येतो.

मागच्या आठवड्यातली एक केस डोक्यातून जात नाहीये. तिशीतली बाई, शेतातल्या विहिरीत तीन दिवसांनी सापडली. बॉडी फुगलेली, कातडी हाताला सुटून येत होती. बाहेर माहेरची पंचवीस-तीस माणसं, ती म्हणतात मारून टाकलं, सासरचे म्हणतात पाणी काढताना पाय घसरला, आणि पोलीस यादी (पीएमसाठीचं त्यांचं पत्र) हातात देत म्हणतात मॅडम 'बुडून मृत्यू' लिहून टाका म्हणजे लोक घरी जातील. सोबत सिनियर सर होते पण चाकू माझ्याच हातात होता. मान उघडली, हायॉइड (गळ्यातलं छोटं हाड) नीट होतं, डोक्यात काही सापडलं नाही. कोपरावर आणि पाठीवर खरचटल्यासारखं होतं, ते जिवंतपणीचं की नंतर काढताना विहिरीच्या दगडांनी झालेलं हे खरंच ठरवता आलं नाही. श्वासनलिकेत बारीक काळा गाळ होता, पार आतल्या फांद्यांपर्यंत. तेवढं लिहिलं आणि कॉज ऑफ डेथला 'ओपिनियन रिझर्व्ह्ड, व्हिसेरा प्रिझर्व्ह्ड', म्हणजे मृत्यूच्या कारणावरचं मत राखून ठेवलं आणि आतल्या अवयवांचे नमुने तपासणीसाठी ठेवले.

संध्याकाळी गेटवर तिचा भाऊ मला म्हणाला, तुम्ही पण दाबलंच ना मॅडम. मला काही बोलताच आलं नाही.

त्यात काल समन्स आलं सेशन्स कोर्टाचं. पीएम मी केलेलं नाही, माझ्या आधीच्या डॉक्टरने ऑगस्ट २०२४ मध्ये केलेलं, तो बाँड संपवून पीजीला दुसऱ्या राज्यात गेला. मी ती बॉडी बघितलीसुद्धा नाही तर मी काय सांगणार? आणि ओपिनियन राखून ठेवलं हे चुकलं का? ज्यांनी ही कामं केलीयत त्यांनी प्लीज सांगा.

जुना_एमओ_मराठवाडा

डॉक्टर, तुमचं अजिबात चुकलं नाही, आधी जेवा आणि झोपा. बावीस वर्षं झाली मला, पीएमची गणती ठेवली नाही. सुरुवातीला मीपण यादीवर पोलिसांनी जे लिहून आणलं तेच कॉज ऑफ डेथमध्ये उतरवायचो, यादीत 'विष प्राशन' असलं की मी 'पॉयझनिंग'. एकदा व्हिसेराचा सीए रिपोर्ट (लॅबचा रासायनिक तपासणी अहवाल) आला, विष नाहीच. मग कोर्टात वकिलाने विचारलं डॉक्टर तुम्हाला विष दिसलं कशात, जठरात का यादीत? त्या दिवसापासून यादी बाजूला ठेवून बॉडी बघायची सवय लागली.

एक गोष्ट विचारतो, लग्नाला सात वर्षं झाली होती का तिच्या? हे तुम्ही लिहिलं नाही. सात वर्षांच्या आत असेल तर इन्क्वेस्ट (मृत्यूची पहिली चौकशी) नुसता पोलिसांचा चालत नाही, कार्यकारी दंडाधिकारी लागतो, म्हणजे आमच्याकडे तहसीलदार नाहीतर नायब तहसीलदार. आणि अशी केस दोन डॉक्टरांनी मिळून, व्हिडिओ शूटिंग करून करावी, सोय नसेल तर सरळ मेडिकल कॉलेजला रेफर करावी, त्यात कमीपणा काहीच नाही. इन्क्वेस्ट पंचनामा चाकू लावायच्या आधी वाचायचा, पूर्ण, पंचांच्या सह्यांपर्यंत. त्यात कपडे, दागिने, जखमा जे लिहिलं असेल ते तुमच्या टेबलावर जुळतंय का बघायचं, नसेल जुळत तर तिथेच पोलिसाला सांगून लेखी घ्यायचं.

आणि रात्रीचं पीएम करा म्हणून दबाव आला तर लक्षात ठेवा, नोव्हेंबर २०२१ ला केंद्राने सूर्यास्तानंतर पीएमची परवानगी दिली ती जिथे उजेड आणि सोयी आहेत तिथे. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेली बॉडी, संशयास्पद मृत्यू हे त्यात धरलेले नाहीत, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिला तरच. पत्र्याच्या खोलीत एका ट्यूबलाइटखाली कुजलेल्या बॉडीवरचा वळ दिसत नाही हो.

एफएमटी_शिक्षक

मेडिकल कॉलेजला फॉरेन्सिक शिकवतो. मॅडम, तुम्ही 'श्वासनलिकेत बारीक गाळ, आतल्या फांद्यांपर्यंत' लिहिलंत ना, त्या रिपोर्टमधली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. ताज्या बॉडीत बुडाल्याचं कळायला तोंडा-नाकाशी पांढरा बारीक फेस असतो, पुसला तरी परत येतो, फुप्फुसं फुगून त्यावर बरगड्यांचे ठसे उठतात, मुठीत शेवाळ-गवत घट्ट धरलेलं सापडतं. तीन दिवसांनी उन्हाळ्यात यातलं बहुतेक सगळं निघून जातं. गाळ मात्र राहतो. पण पाणी आणि गाळ मेल्यानंतरही थोडाफार आत शिरू शकतो, म्हणून एकट्या गाळावरून बुडून मृत्यू असं ठोकून लिहायचं नसतं, राखून ठेवायचं. म्हणजे तुम्ही जे केलं ते.

आता महत्त्वाचं विचारतो, हाड ठेवलं का? डायॅटमसाठी स्टर्नम (छातीचं मधलं हाड) किंवा मांडीचं हाड लागतं. डायॅटम म्हणजे पाण्यातली सिलिकाच्या कवचाची अतिसूक्ष्म शेवाळं, माणूस जिवंत असताना पाणी ओढलं गेलं तरच ती रक्तातून मज्जेपर्यंत जातात, हृदय थांबलेलं असेल तर कोण पोचवणार तिकडे. आणि मज्जेतले डायॅटम त्याच विहिरीचे आहेत का हे बघायला त्या विहिरीचं पाणी लागतं, ते बहुतेक वेळा कोणी पाठवतच नाही आणि मग रिपोर्ट अर्धवट येतो. निगेटिव्ह आला म्हणजे बुडालीच नाही असंही नसतं, हे पण ध्यानात असू द्या.

व्हिसेराची बरणी: जठर आतल्या मालासकट, लहान आतड्याचा फूटभर तुकडा, यकृत अर्धा किलोच्या आसपास, दोन्ही किडन्यांचा अर्धा अर्धा, सगळं मिठाच्या संपृक्त पाण्यात, आणि नुसत्या मिठाच्या पाण्याची एक वेगळी बाटली कंट्रोल (तुलनेसाठी) म्हणून. रक्तात सोडियम फ्लोराइड. ही कंट्रोलची बाटली विसरतात लोक आणि लॅब परत पाठवते.

आणि त्या भावाला काय सांगायचं तर एवढंच, की कशाने मेली हे मी सांगू शकते, कोणी ढकललं की पाय घसरला हे बॉडीवर लिहिलेलं नसतं, ते तपासात निघतं, आणि माझ्या रिपोर्टमुळे तो तपास बंद झालेला नाही, उघडा राहिलाय. 'बुडून मृत्यू' लिहिलं असतंत तर मात्र त्याच दिवशी सगळं गुंडाळलं गेलं असतं.

काळा_कोट_जिल्हा

सरकारी वकील आहे, समन्सचं सांगतो. ऑगस्ट २०२४ ची केस म्हणजे नवा कायदा, १ जुलै २०२४ पासूनचा, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता). त्याच्या कलम ३३६ मध्ये आहे की रिपोर्ट करणारा मेडिकल ऑफिसर बदलून गेला, निवृत्त झाला, सापडत नाही किंवा त्याला आणण्यात उशीर होईल असं दिसलं तर त्या जागेवर आता असलेल्या अधिकाऱ्याची साक्ष घ्यायची. म्हणून तुमचं नाव. व्हिडिओवरूनही साक्ष देता येते, समन्सवर नसलं तरी कोर्टात अर्ज देऊन विचारा, कारण दवाखाना बंद ठेवून शंभर किलोमीटर यायचं हे आम्हालाही कळतं.

घाबरू नका ताई. तुम्ही बॉडी बघितली नाही हेच पहिल्या वाक्यात सांगा, मी रेकॉर्डवरून सांगते. आधीच्या डॉक्टरची सही, अक्षर ओळखता का, रजिस्टरला नोंद आहे का, रिपोर्टमध्ये काय लिहिलंय, एवढीच तुमची हद्द. त्याने काय विचार करून लिहिलं असेल हे सांगायला जाऊ नका, तिथेच उलटतपासणीत अडकतात लोक. मूळ पीएम नोट्स, एमएलसी रजिस्टर, व्हिसेरा पाठवल्याचं पत्र, सीए रिपोर्ट सोबत आणा आणि आदल्या दिवशी आम्हाला भेटा. बचावाचा वकील विचारेल, ही जखम दगडावर पडून होऊ शकते का? होऊ शकत असेल तर हो म्हणायचं. डॉक्टरने एखाद्या बाजूचं व्हायचं ठरवलं की न्यायाधीशाला दोन मिनिटांत कळतं, मग त्याने लिहिलेल्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. निघताना हजेरीचं सर्टिफिकेट घ्या, तो दिवस ड्यूटी धरला जातो.

मोटेवाडीकर

मी डॉक्टर नाही, शेतकरी आहे, तरी लिहितो. वडील साप चावून गेले, पहाटे पाणी द्यायला गेले होते. पीएम झालं एका सरकारी दवाखान्यात, रिपोर्टवर कारण काय तर 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट'. गोपीनाथ मुंडे योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, सर्पदंश त्यात बसतो, पण कृषी कार्यालय म्हणालं साप कुठे लिहिलाय? हृदय आणि श्वास बंद पडणं तर प्रत्येकाचंच होतं की. आई सात महिने खेटे घालत होती, बसभाडं वेगळं. शेवटी एका साहेबांनी रिपोर्ट नीट वाचला तर मधल्या पानावर उजव्या घोट्याजवळ दोन टोचल्याच्या खुणा, आजूबाजूला सूज आणि काळेनिळेपणा, असं त्याच डॉक्टरने लिहिलेलं होतं, एकच ओळ. त्या ओळीवर पैसे मिळाले. मॅडम तुम्ही गाळाची ओळ लिहिली हे वाचलं आणि मला ते घोट्याचं आठवलं. तुम्ही लिहीत राहा.

डॉ_शेवंती

मी उपजिल्हा रुग्णालयात आहे, मोटेवाडीकर दादांचं वाचून डोळे भरले. हार्ट फेल्युअर, अरेस्ट ही मरणाची पद्धत झाली, कारण नाही, हे सेकंड एमबीबीएसला शिकवतात आणि इथे येऊन सगळे विसरतात.

ताई, तू पोक्सोचं एका वाक्यात लिहून पुढे गेलीस पण मला वाटतं तुला त्याचाही त्रास होतोय. मुलीची तपासणी बाई डॉक्टरनेच करायची असा कायदाच आहे म्हणून ते आपल्यावरच येतं. मी काय करते सांगते. आधी खुर्ची तिच्या बाजूला घेते, टेबल मध्ये ठेवत नाही. लेडी कॉन्स्टेबललासुद्धा बाहेर थांबवते, आई किंवा जिच्यावर तिचा विश्वास आहे ती आत. पाणी देते. मग विचारते, तुला जेवढं सांगायचंय तेवढं सांग, आणि तिचे शब्द तिच्याच बोलीत लिहिते, 'पीडितेने सांगितले की' असं शुद्ध करत नाही. तिने नको म्हटलं तर थांबते, नकारही कागदावर लिहिते. दोन बोटांची तपासणी अजिबात नाही, ऑक्टोबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई होईल, तरी जुन्या छापील फॉर्मवर तो रकाना अजून दिसतो, मी त्यावर सरळ रेघ मारते. आणि जखम नाही म्हणजे काही झालंच नाही असं कधीच लिहायचं नाही, बहुतेकींना जखम नसतेच. रिपोर्ट सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे जायला हवा, मी दुसऱ्याच दिवशी देते, कारण चार दिवसांनी मलाच तिचे शब्द तसेच आठवत नाहीत.

आणि कोणाशीतरी बोल. मी माझ्या सिस्टरशी बोलते, तपासणी झाली की आम्ही दोघी चहा घेतो, कधीकधी काहीच बोलत नाही.

बाँडवाली_एमओ

सगळ्यांचे मनापासून आभार, आज दिवसभर हेच परत परत वाचतेय.

जुने सर, लग्नाला सहा वर्षं. इन्क्वेस्ट नायब तहसीलदारांचाच आहे, शूटिंगही झालंय, पण खरं सांगते पंचनामा मी त्या दिवशी वरवर चाळला होता. आज ऑफिसातून काढून पूर्ण वाचला. चपला विहिरीच्या काठावर होत्या असं लिहिलंय. पाठीवरच्या खरचटण्याचा उल्लेखच नाही, म्हणून पीएसआय साहेबांना आजच लेखी पत्र दिलं की बॉडी बाहेर कशी काढली, दोर कुठे बांधला, गळ वापरला का हे कळवा.

एफएमटी सर, हाड ठेवलंय. आणि ते माझ्यामुळे नाही. आमचे अटेंडंट मामा आहेत, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत, मी टाके घालायला सांगणार तेवढ्यात ते हळूच म्हणाले, मॅडम विहिरीची हाय, छातीचं हाड ठेवायचं ना? मग स्टर्नम काढून कोऱ्या बाटलीत घातलं. बरण्यांवर लाख त्यांनीच लावली, खिडकी लावून घेऊन मेणबत्तीवर, वाऱ्याने विझू नये म्हणून हाताचा आडोसा करून, आणि प्रत्येक सीलवर शिक्का नीट उठलाय का हे मला वाकून बघायला लावलं. कंट्रोलची बाटलीही त्यांनीच आधी भरून ठेवलेली.

विहिरीचं पाणी मात्र कोणीच घेतलं नव्हतं. सकाळी पोलिसांना फोन केला, दुपारी कॉन्स्टेबल पंचांना घेऊन गेला, मोटर चालू होती आणि पाणी बरंच खाली गेलंय म्हणाला, पण आहे. बाटली सील होऊन आलीय, उद्याच्या गाडीने हाडासोबत लॅबला जातेय. तिच्या भावाला बोलावून घेतलं आणि पत्राची पोच त्याला दाखवली. तो बराच वेळ ती वाचत होता, मग म्हणाला झेरॉक्स मिळेल का. कॉपी पोलिसांकडून मिळते, तिथे कसा अर्ज करायचा ते मी त्याला कागदावर लिहून दिलं.