जँगो राइनहार्टच्या स्मरणार्थ जळगावात एक संध्याकाळ : काय वाजवावे, काय सांगावे?

तापीकाठ_भुसावळ :
नमस्कार. येत्या २३ जानेवारीला, म्हणजे जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट (१९१०–१९५३) याच्या जन्मदिनी, आम्ही भुसावळ-जळगावचे सहा हौशी वादक दीड तासाचा कार्यक्रम करणार आहोत. रेल्वेची नोकरी सांभाळून आम्हांला गिटार शिकवणाऱ्या आमच्या दिवंगत गुरुजींनी त्याच्या कॅसेटी आम्हांला झिजेपर्यंत ऐकवल्या होत्या. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी मात्र गिटार चित्रपटगीतांतच ऐकली असेल. आमच्याकडे तीन गिटार, व्हायोलिन, कीबोर्ड आणि ढोलक आहे. निवेदन १९२८ च्या आगीपासून सुरू करावे, असा विचार आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गिरणेचा_गाळ :
कृपा करून आगीपासून सुरुवात करू नका. अठरा वर्षांच्या जँगोच्या चाकांवरच्या घराला आग लागली आणि त्याच्या डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली, हे खरे आहे. पण ते आधी सांगितले की सभागृह हळहळते आणि पुढचे सगळे वादन कौतुकाऐवजी दयेने ऐकले जाते. आधी १९३७ चे ‘मायनर स्विंग’ ऐकवा आणि मग सांगा की त्यातले एकल वादन मुख्यतः दोन बोटांचे आहे. त्यानंतर तुमच्यापैकी एकाने दोन बोटांना चिकटपट्टी लावून साधा सप्तक वाजवून दाखवावा. दोन बोटांनी एका जागी बसून भागत नाही, हात सतत गिटारच्या मानेवर वरखाली धावावा लागतो, आणि जँगोच्या वादनातला तो तिरपा, झेपावणारा वेग त्या धावण्यातूनच आला, हे श्रोत्यांना डोळ्यांनी दिसेल. आखडलेली बोटेही त्याने टाकून दिली नव्हती. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरताना वरच्या तारांवर तो त्यांचा उपयोग करीत असे.

पांझरा५७ :
ढोलक घरी ठेवावे, ही माझी आग्रहाची विनंती. व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर १९३४ मध्ये पॅरिसात उभ्या राहिलेल्या जँगोच्या पंचकात तीन गिटार, एक व्हायोलिन आणि एक डबल बास (खर्जाचे मोठे तंतुवाद्य) एवढेच होते, तालवाद्य नव्हते. दोन गिटार लय धरीत : तारा छेडायच्या आणि डाव्या हाताचा दाब लगेच सैल करून नाद तोडायचा, तोही चार मात्रांपैकी दुसरीवर आणि चौथीवर जोर देऊन. आपला हात समेकडे ओढला जातो; ही सवय मोडायला आम्हा धुळेकरांना दोन महिने लागले. कीबोर्डवर फक्त बास वाजवावा.

आणखी एक सुचवतो. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ग्रापेली इंग्लंडमध्येच राहिला आणि जँगो पॅरिसला परतला. तिथे व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट आली, आणि १९४० चे ‘न्यूआज’ (म्हणजे ढग) तिच्याच साथीने ध्वनिमुद्रित झाले. आपल्याकडच्या वरातीच्या बँडात उत्तम क्लॅरिनेट वाजवणारी माणसे आहेत. त्यांना बोलवा, आणि पाहुणे म्हणून नव्हे, वादक म्हणून बसवा.

वांग्याचं_भरीत :
दोन व्यावहारिक गोष्टी. खुल्या नाट्यगृहाचा विचार असेल तर सोडा. जानेवारीच्या रात्री आपल्याकडे बोटे गारठतात आणि तारांचा सूर हलतो. दुसरे, आपल्या कायद्यात संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणून एकट्या जँगोची ‘न्यूआज’सारखी धून वाजवायला अडचण नाही, परंतु ‘मायनर स्विंग’ ग्रापेलीच्याही नावावर आहे आणि तो १९९७ मध्ये वारला, तेव्हा त्या धुनेची परवानगी पाहावी.

तापीकाठ_भुसावळ :
सर्वांचे आभार. आगीचा मजकूर मध्यंतरानंतर ढकलला आहे. ढोलकवाला मित्र दोन दिवस रुसला होता, आता तो निवेदन करतो आहे. सभागृह बंदिस्तच घेऊ. क्लॅरिनेटसाठी भुसावळच्या एका बँडमधल्या काकांना भेटलो. त्यांनी ‘न्यूआज’ दोनदा ऐकले, डोळे मिटून तिसऱ्यांदा लावायला सांगितले, आणि यंदा त्या तारखेला पौष असल्याने वराती नाहीत, तेव्हा सरावाला रोज येईन, असे कळवले आहे.