साताऱ्यात फक्त सायकल रिपेअरिंगचं दुकान चालेल का?

गोडोलीकर_पाना:
नमस्कार मंडळी, मी एका शोरूममध्ये सायकल मेकॅनिक आहे, गियरच्या सायकली जोडणं, आऊट काढणं (डगमगणारं चाक सरळ करणं), हायड्रॉलिक ब्रेक ब्लीड करणं (तेलातली हवा काढणं) सगळं हाताखालून गेलंय. आता गोडोलीकडं एक गाळा बघून ठेवलाय. सायकली विकायच्या नाहीत, नुसतं रिपेअरिंग. घरचे म्हणतात पंक्चर काढून कुणाचं घर चाललंय. रविवारी पहाटे यवतेश्वर घाट चढणारी एवढी माणसं दिसतात, तेवढ्यावर भागंल का? आणि हत्यारं, लायसन वगैरे काय बघावं लागतं?

कृष्णाकाठ:
मी सांगलीत हेच करतो म्हणून सांगतो भावा, घाटवाल्यांच्या भरवशावर गाळा घेऊ नको. ते पैसे देतात पण संख्येनं कमी, निम्मे तर घरीच पाना चालवतात. रोजचा गल्ला शाळेच्या पोरांचा. जूनमध्ये शाळा उघडली की रांग लागती, सगळ्यांची एकच तक्रार, गियर उडतोय. सायकल उजव्या अंगावर पडलेली असती, हँगर (मागचा गियर टांगायची पट्टी) वाकलेला असतो, आणि आपली लोकं डायरेक्ट नवीन डिरेलर (चेन गियरवर सरकवणारा भाग) टाकून मोकळी, तरी गियर उडतोच कारण हँगर वाकडा तो वाकडाच. हँगर सरळ करायचा गेज पहिला घे, बाकी नंतर. टायरचा माल कमी ठेव पण कडेला छापलेला रिमच्या मापाचा मिलिमीटरमधला आकडा बघून भर, एमटीबीचा (जाड टायरच्या माउंटन बाइकचा) २६ म्हणजे ५५९ आणि जुन्या लेडीज सायकलचा २६ बाय १ ३/८ म्हणजे ५९०, दोघांनाही गिऱ्हाईक २६ च म्हणतं आणि एकाचा दुसऱ्याला बसत नाही.
आणि गाळ्यात पाणी येतं का ते शेजाऱ्याला विचार, मालकाला नाही. आमच्याकडं २०१९ ला पूर ओसरल्यावर चाकांचे हब (मधले तुंबे) उघडले तर ग्रीसच्या जागी नुसता गाळ.

घाटातला_रविवार:
गिऱ्हाईक म्हणून बोलतो. मागं एका ठिकाणी डिस्क ब्रेक करकरतोय म्हणून सायकल दिली तर त्या भल्या माणसानं रोटरवरच (ब्रेक धरतो त्या चकतीवरच) ऑइल मारलं, आवाज गेला आणि ब्रेकपण गेला 😅 नशीब कास पठारावरून उतरताना नाही कळलं. शिमानो कंपनीच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, डॉट (गाडीचं ब्रेक ऑइल) घातलं की सील फुगतात, एवढं माहीत असणारा माणूस गावात असेल तर आम्ही दोन पैसे जास्त देऊ. फक्त पार्ट बदलायच्या आधी फोन करत जा राव.

कागदवाला:
एकटाच बसणार असशील तर शॉप अ‍ॅक्टचं टेन्शन नाही, २०१७ च्या कायद्यात कामगार कमी असले की ऑनलाइन नुसती सूचना द्यायची, पावती जपून ठेव. वर्षाची उलाढाल २० लाखाच्या आत असेल तर जीएसटी नंबरपण नको. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नको. कर्ज लागलं तर सरकारच्या मुद्रा योजनेतलं 'शिशु' कर्ज ५० हजारापर्यंत, हत्यारांना बास.

गोडोलीकर_पाना:
आभारी आहे दादा सगळ्यांचा. गाळा जरा सखल भागातच आहे, शेजारच्या किराणावाल्याला विचारतो. कृष्णाकाठ दादा, आऊट काढायचे तुम्ही चाकाला किती घेता? इथं पंक्चरवाले ते फुकटातच करून देतात.

कृष्णाकाठ:
फुकट देतात ते चाक हातात धरून तारा पिळतात, पुढच्या खड्ड्यात परत आऊट. तू स्टँडवर लावून गिऱ्हाईकासमोर फिरवून दाखव आणि पंक्चरच्या दुप्पट तरी घे. रेटचा बोर्ड उघडायच्या दिवशीच लाव, नंतर वाढवायला गेलास तर गिऱ्हाईक भांडतं.