अफरवटचा उतार : खड्डा खणून कितपत कळते?

प्रश्न
आम्ही चौघे फेब्रुवारीत गुलमर्गला जात आहोत. गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून, अफरवट शिखराच्या, बचाव पथकाच्या गस्तीच्या हद्दीबाहेरच्या उतारांवर स्थानिक वाटाड्यासोबत स्कीइंग करण्याचा विचार आहे. सह्याद्रीत वीस वर्षे भटकल्यामुळे घसाऱ्याचा (सुट्या दगडमातीच्या उताराचा) अंदाज येतो, बर्फाचा मात्र येत नाही. हिमवृष्टी थांबून लख्ख ऊन पडले आणि बर्फात खड्डा खणून केलेल्या चाचणीतही काही वावगे आढळले नाही, तर हिमस्खलनाच्या दृष्टीने उतार सुरक्षित मानावा काय?

प्रतिसाद १
मानू नये. घसारा डोळ्यांना दिसतो; इथला धोका खाली दडलेला असतो. हंगामाच्या सुरुवातीला पडलेल्या पातळ बर्फाला खालून जमिनीची ऊब आणि वरून कडाक्याची थंडी मिळाली, दर १० सेंटीमीटरला एक अंशाहून अधिक फरक पडू लागला, की त्याचे जाड्या साखरेसारखे सुटे दाणे होतात. मुठीत कितीही दाबले तरी त्यांचा गोळा वळत नाही. त्यावर वाऱ्याने आणलेला बर्फ लादीसारखा घट्ट बसला, तर ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या भारानेही ती लादी सुटू शकते. ऊन पडले तरी वारा हे काम चालूच ठेवतो.

चाचणीत ३० सेंटीमीटर बाजूंचा बर्फाचा स्तंभ मोकळा करून त्यावर फावडे ठेवतात आणि मनगटातून, कोपरातून, खांद्यातून प्रत्येकी दहा थापा मारतात. तिसाव्या थापेलाही थर सरकला नाही, तरी ती ग्वाही त्या हातभर जागेपुरतीच असते. चाचणीने बेत रद्द करावा. पक्का करू नये.

प्रतिसाद २
१ फेब्रुवारी २०२३ रोजी याच अफरवटवर हापतखुड भागात दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात मरण पावले. मला स्वतःला खड्ड्यापेक्षा कान अधिक उपयोगी पडला आहे. एकदा पायाखाली ‘वुंफ्’ असा पोकळ आवाज होऊन बर्फ किंचित बसला आणि शेजारी केसाएवढी चीर पळत गेली. वाटाड्याने काही न बोलता काठी आडवी धरली व आम्ही उमटलेल्या पावलांवरूनच परतलो. बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारे रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाकडे हवे, कारण गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सोबत्यांनीच काढावे लागते.

प्रश्नकर्ता
आमच्याकडे बीकन दोनच आहेत.

प्रतिसाद १
मग गस्तीच्या हद्दीतच राहावे.