चिनी शेजारी, सिगारेट आणि ‘इथलं होणं’

फ्लशिंगकर:
काल इथे कुणी लिहिलं, ‘वीस वर्षं अमेरिकेत राहूनही चिन्यांची सिगारेट सुटत नाही, त्यांना इथलं व्हायचंच नसतं.’ वाचून डोकं फिरलं. चीनमध्ये जवळपास निम्मे पुरुष ओढतात. तिथे सिगारेट पुढे करणं म्हणजे आपल्याकडे चहा विचारणं. नववर्षाला लाल ‘चुंगह्वा’ सिगारेटची अख्खी खोकी भेट जातात. त्या मानाने इथले चिनी पुरुष कितीतरी कमी ओढतात. माझे घरमालक चीनच्या फुजियान प्रांतातले, हॉटेलच्या भटारखान्यात राबले. बारा तासांत मागच्या दारी, कचऱ्याच्या पिंपाशेजारी पाच मिनिटं मिळायची, तीही ओढणाऱ्यालाच. न ओढणाऱ्याला कोण सुट्टी देतो?

एडिसनवाला:
ते लिहिणारा मीच. मुलीला दमा आहे. खालच्या मजल्यावरचा धूर खिडकीतून आत येतो, मी रात्री दोनला इन्हेलर शोधतो. चहाची उपमा तिला सांगा.

हिशेबी:
कमी ओढतात ते पैशापायी हो! न्यूयॉर्कात २०१८ पासून पाकीट १३ डॉलरच्या खाली विकताच येत नाही. संस्कृतीबिंस्कृती काही नाही.

आजीची नात:
मग बायकांचं काय? चीनमध्ये जेमतेम दोन टक्के बायका ओढतात, इथे रुळलेल्या मुलींत प्रमाण वाढतं. त्यांना कुणी स्वस्तात देतं का? ‘इथलं होणं’ ते हेच? आणि आपण कोणत्या तोंडाने बोलतो? न्यूयॉर्कातल्या आपल्या जॅक्सन हाइट्सचे फुटपाथ पिचकाऱ्यांनी कुणी रंगवले? महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी सुट्टीवरून येताना पुड्या बॅगेत असतात.

एडिसनवाला:
गुटखा कुठून आला मध्येच? त्याचा धूर शेजाऱ्याच्या घरात जात नाही.

आजीची नात:
धूर नाही, जबडा जातो! माझी आजी दिवसातून चारदा मिसरी लावायची, डबी उशाशी. काका तोंडाच्या कॅन्सरपायी परळच्या टाटा हॉस्पिटलात तीन वर्षं खेपा घालत होते. शेवटी पेजसुद्धा नळीने. त्यांना ‘तुम्हाला सुधारायचंच नाही’ म्हणाला असता?

हिशेबी:
माझे वडीलही तंबाखूनेच गेले. त्यांना नाही म्हणालो मी असं कधी. बरं, पैसा हे एकच कारण नाही, मान्य.

फ्लशिंगकर:
घरमालकांची सुटली ती मँडरिनमध्ये बोलणाऱ्या फुकट हेल्पलाइनमुळे. मुलीने फोन लावून दिला, ते तासभर स्वतःच्या भाषेत बोलले. इंग्रजी पत्रकं वर्षभर फ्रिजवर लावलेली होती, त्यांना वाचताच येत नव्हती.

एडिसनवाला:
‘चिनी’ शब्द काढतो. धुराची तक्रार काढणार नाही. त्या हेल्पलाइनचं नाव टाका, खाली नेऊन देतो.