कॅलरी सारखीच, मग फरक कुठला?
‘कॅलरी ती कॅलरी, बिस्किटातली काय नि भाकरीतली काय’ असं म्हणतात, ते मला काही पटलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक केव्हिन हॉल यांनी नेमकं हेच तपासलं, निकाल २०१९ साली आले. २० प्रौढांना चार आठवडे तिथेच ठेवलं: दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त (कारखान्यात बनलेलं, पाकीटवालं) खाणं, दोन आठवडे साधं. पुढ्यात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू (फायबर) सारखे. (पाकीटवाल्या आहारात तंतू जुळवायला सरबतात मिसळावे लागले, यातच काय ते आलं!) हवं तेवढं खा म्हटल्यावर मंडळींनी पाकीटवाल्या आहारात रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. वजन सरासरी ०.९ किलो वाढलं, साध्यावर तेवढंच उतरलं. खाण्याचा वेगही पाकीटवाल्यातच जास्त.

प्रयोग छोटा आणि थोड्या दिवसांचा, कबूल. पण ज्वारीची दुसरी भाकरी संपेपर्यंत जबडाच ‘पुरे’ म्हणतो. क्रीमच्या बिस्किटांचा पुडा मात्र आमच्याकडे चहा निवायच्या आत संपतो, तळाशी नुसता चुरा. मागे बारीक अक्षरांत मैदा, साखर, पामतेल, इन्व्हर्ट सिरप (साखर फोडून केलेला पाक), इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ). शेवटचे दोन जिन्नस आईच्या फळीवरच्या कुठल्याच डब्यात नव्हते.